इंग्रजीच्या पेपरातले जर-तर: कंडिशनल आणि मॉडिफायरचे प्रश्न सोडवायची पद्धत

स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीत दोन टॉपिक असे आहेत की नियम तोंडपाठ असूनही पोरं मार्क सोडून येतात, एक कंडिशनल सेंटेन्स म्हणजे इफवाली वाक्यं, आणि दुसरा मॉडिफायर, म्हणजे कुठला शब्द वाक्यात कुठे बसवायचा. मी बरीच वर्षं अभ्यासिकेत ज्युनियर पोरापोरींसोबत बसून त्यांच्या मॉक टेस्टचे चुकलेले प्रश्न बघतोय आणि मला एक गोष्ट पक्की पटलीय, या चुका उगाच कुठूनही येत नाहीत, नव्वद टक्के चुकांमागे आपण मनात बोललेलं एक मराठी वाक्य असतं. ते मराठी वाक्य अगदी बरोबर असतं, फक्त इंग्रजीत तसं चालत नाही. म्हणून नियमांची यादी न देता मराठी आणि इंग्रजी नेमकं कुठे वेगळं वागतं तिथूनच सांगतो, कारण ती जागा कळली की चूक पेपरात दुरूनच दिसते.

एसएससी सीजीएल, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीची पदवीधरांची परीक्षा, तिच्या टियर १ ला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, इंग्रजीचे २५ प्रश्न ५० मार्कांना असतात आणि एक चुकला की अर्धा मार्क जातो, टियर २ ला ४५ प्रश्न, प्रत्येकी ३ मार्क, चुकला की पूर्ण १ मार्क. म्हणजे अंदाजे टिक करणं परवडत नाही. एरर स्पॉटिंग (वाक्यातली चूक शोधणं, चूक नसेल तर ‘नो एरर’), सेंटेन्स इम्प्रूव्हमेंट (वाक्याच्या एका भागाला बरोबर ऑप्शन निवडणं), गाळलेल्या जागा, या तिन्हीत हे टॉपिक फिरून फिरून येतात. खालची इंग्रजी वाक्यं मोठ्याने वाचा, डोळ्याआधी कानाला सवय झाली पाहिजे.

पायरी १: आधी बघा हे इफ खरंच जर-तरवालं आहे का

ही पायरी जवळजवळ सगळे सोडतात. क्लासमध्ये शिकवलेलं असतं की इफनंतर विल येत नाही, मग पोरगा पेपरात इफच्या मागे विल दिसला की लगेच एरर मारून मोकळा. आता हे वाक्य बघा, ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम टुमॉरो’. यात काहीही चूक नाही. कारण हे इफ म्हणजे जर नाही, हे ‘की नाही’ आहे, तो उद्या येईल की नाही मला माहीत नाही. इथे इफच्या जागी वेदर (whether) टाकलं तरी वाक्य तेच राहतं. तर टेस्ट सोपी आहे, मराठीत करून बघा, ‘जर...तर’ बसतंय का ‘की नाही’ बसतंय. की नाही बसलं तर विल बिनधास्त राहू द्या आणि एरर दुसरीकडे शोधा, किंवा नो एरर असेल.

अजून एक अपवाद, विल म्हणजे तयारी किंवा विनंती असेल तर तोही चालतो, ‘इफ यू विल वेट अ मोमेंट, आय विल कॉल हिम’, म्हणजे तुम्ही जरा थांबायची तसदी घेतली तर. पेपरात क्वचित येतं पण माहीत असू द्या.

पायरी २: खरोखर होऊ शकणारी गोष्ट

आपण काय म्हणतो? ‘पाऊस पडला तर मी येणार नाही’. पडला. भूतकाळाचं रूप, आणि गोष्ट उद्याची! मराठीत हे इतकं सहज आहे की आपल्या लक्षातही येत नाही. मग इंग्रजीत पोरगा लिहितो ‘इफ इट रेन्ड, आय विल नॉट कम’. दुसरा जरा जास्त विचार करतो, उद्याचं आहे ना मग फ्युचर, ‘इफ इट विल रेन, आय विल नॉट कम’. दोन्ही चूक. इंग्रजीत उद्याच्या अटीला साधा वर्तमानकाळ लागतो, ‘इफ इट रेन्स, आय विल नॉट कम’. अट वर्तमानात, निकाल भविष्यात. निकालाच्या बाजूला विलच पाहिजे असं नाही, कॅन, मे, शुड, किंवा थेट आज्ञा, ‘इफ यू सी हिम, टेल हिम टू कॉल मी’, सगळं बरोबर.

हाच नियम व्हेन, अनटिल, ॲज सून ॲज, बाय द टाइम या सगळ्यांना लागतो. ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम’ हे आपलं ‘तो येईल तेव्हा सांगेन’ जसंच्या तसं उचललेलं आहे, इंग्रजीत ‘व्हेन ही कम्स’. पण इथेही पायरी १ लागू, ‘आस्क हिम व्हेन ही विल कम’ बरोबर आहे, कारण तिथे व्हेन म्हणजे ‘तेव्हा’ नाही, ‘कधी’ आहे.

झिरो कंडिशनलवर वेळ घालवू नका, नेहमी घडणारी गोष्ट, दोन्हीकडे वर्तमानकाळ, ‘इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स’. संपलं.

पायरी ३: ‘असतं तर’ची भानगड

खरे मार्क इथे जातात त्यामुळे जरा थांबून वाचा.

‘माझ्याकडे पैसे असते तर मी गाडी घेतली असती.’ हे वाक्य आजचं आहे का मागच्या वर्षीचं? मराठीत कळत नाही. दोन्हीला हेच वाक्य चालतं, समोरच्याला संदर्भावरून समजतं. इंग्रजी मात्र तुम्हाला ठरवायलाच लावते. आज पैसे नाहीत म्हणून आज गाडी घेत नाही असं असेल तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ कार’. मागच्या वर्षी नव्हते म्हणून तेव्हा घेतली नाही असं असेल तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ कार’. ते हॅड हॅड बघून घाबरायचं नाही, पहिला हॅड मदतनीस, दुसरा हॅड म्हणजे ‘जवळ असणं’. सेंटेन्स इम्प्रूव्हमेंटमध्ये हॅड हॅड दिसलं की दोनदा छापलंय वाटून पोरं दुसरा ऑप्शन घेतात, असं करू नका.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. ‘तू सांगितलं असतंस तर मी आलो असतो.’ दोन्ही बाजूंना असतं, असतो, सारखंच रूप, कानाला कसं समतोल वाटतं. त्याच समतोलाची सवय घेऊन आपण इंग्रजीत जातो आणि लिहितो ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम’. मराठी माध्यमातल्याच नाही, इंग्रजी माध्यमातल्या पोरांकडूनही ही चूक मी शेकड्याने बघितलीय, आणि पेपर काढणाऱ्यालाही ती चांगली माहीत आहे. इंग्रजीत वुड हा निकालाचा शब्द, तो इफच्या घरात राहत नाही. इफच्या बाजूला फक्त हॅड आणि क्रियापदाचं तिसरं रूप, ‘इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम’.

म्हणून हातात पेन्सिल घेऊन इतकंच करा. वाक्यात वुड, कुड किंवा माइट शोधा, तो निकालाचा भाग, त्याखाली रेघ मारा. त्याच्यापुढे हॅव आहे का बघा. हॅव नसेल तर गोष्ट आजची, मग इफकडे साधा भूतकाळ हवा. हॅव असेल तर गोष्ट होऊन गेलेली, मग इफकडे हॅड अधिक तिसरं रूप. इतक्या चाचणीत निम्म्याहून जास्त प्रश्न सुटतात.

आणि मग नाऊ, टुडे, येस्टरडे, लास्ट इयर हे शब्द बघा, कारण कधीकधी अट कालची आणि निकाल आजचा असतो, त्याला मिक्स्ड म्हणतात. ‘इफ यू हॅड टेकन द मेडिसिन येस्टरडे, यू वुड बी फाइन नाऊ’. काल गोळी घेतली असतीस तर आज बरा असतास. इथे वरची चाचणी लावून कोणी म्हणेल हॅव नाही मग इफकडे साधा भूतकाळ पाहिजे, पण येस्टरडे आणि नाऊ दोघं मिळून सांगतायत की दोन्ही बाजू वेगळ्या काळातल्या आहेत. वेळेचा शब्द दिसला की तोच मोठा, फॉर्म्युला नंतर.

‘मी तुझ्या जागी असतो तर’ याला परीक्षेत ‘इफ आय वेअर यू’ हेच टिक करा. बोलताना लोक वॉज म्हणतात, पण पेपरात उत्तर वेअर. ॲज इफचंही तसंच, ‘ही टॉक्स ॲज इफ ही वेअर द ओनर’, मालक असल्यासारखा बोलतो, म्हणजे मालक नाहीये. विशही याच कुटुंबातला, आजची हळहळ ‘आय विश आय न्यू (knew) हिंदी’, कालची हळहळ ‘आय विश आय हॅड स्टडीड’.

पायरी ४: इफ न दिसणारी इफची वाक्यं

आपण ‘जर’ किती वेळा म्हणतो? फारच कमी. ‘आलास तर बघू’, झालं वाक्य. जर गेला तरी ‘तर’ सगळा भार उचलतो. इंग्रजीत इफ काढून टाकता येतो पण मग मदतनीस क्रियापद उचलून सगळ्यात पुढे आणावं लागतं. ‘हॅड आय नोन, आय वुड हॅव हेल्प्ड’. ‘वेअर आय रिच, आय वुड ट्रॅव्हल’. ‘शुड यू नीड हेल्प, कॉल मी’. वाक्य हॅड, वेअर किंवा शुडने सुरू झालं आणि शेवटी प्रश्नचिन्ह नाही, तर समजा इथे इफ लपलाय. यात दोन सापळे येतात. एक, इफ पण ठेवलाय आणि उलटा क्रम पण केलाय, ‘इफ हॅड आय नोन’, चूक. दोन, नकार जोडून लिहिलाय, ‘हॅडन्ट आय नोन’, चूक, बरोबर म्हणजे ‘हॅड आय नॉट नोन’. ‘बट फॉर युवर हेल्प, आय वुड हॅव फेल्ड’ हेही लपलेलंच, तुझी मदत नसती तर.

अनलेसचं सांगतो. ‘जोपर्यंत तू अभ्यास करत नाहीस तोपर्यंत पास होणार नाहीस’, यात नाही दोनदा. हे डोक्यात असलं की ‘अनलेस यू डोन्ट स्टडी’ बरोबर वाटतं. अनलेसच्या पोटात नाही आधीच आहे, अनटिलचंही तसंच. म्हणून मनात ‘जोपर्यंत नाही’ म्हणूच नका, ‘शिवाय’ म्हणा, अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस, ‘अनलेस यू स्टडी, यू विल नॉट पास’. शिवाय आणि अनलेस दोघं एकाच साच्यातले.

जाता जाता जोड्यांबद्दल. जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, आपल्याला जोडीशिवाय करमत नाही. इफसोबत देन आला तर चालून जातं, पण ‘ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम’ यातला बट उडवायचा, तो आपल्या ‘तरी’ची छाया आहे. ‘सपोज इफ’ आणि ‘इन केस इफ’ यातही एकच ठेवायचा.

पायरी ५: मॉडिफायर, म्हणजे शेजार

‘मांजराने उंदीर खाल्ला’ आणि ‘उंदीर मांजराने खाल्ला’, शब्द फिरवले, उंदराचं नशीब तेच. कारण ‘ने’ हा प्रत्यय शब्दाला चिकटलेला आहे, तो शब्द कुठेही गेला तरी आपलं नातं सोबत घेऊन जातो. इंग्रजीत असे प्रत्यय जवळजवळ उरलेलेच नाहीत, तिथे शब्दाचं नातं त्याच्या जागेवरून कळतं. म्हणून तिथे शेजार बदलला की अर्थ बदलला. आपल्याला जागेची फिकीर करायची सवयच नाही, आणि मॉडिफायरचे सगळे प्रश्न याच सवयीवर बेतलेले असतात.

सुरुवात आपल्या ‘-ताना’पासून. ‘रस्ता ओलांडताना गाडीने उडवलं’, कोणाला? त्याला. कुठेही लिहिलेलं नाही तरी कळलं. आता ‘क्रॉसिंग द रोड, अ कार हिट हिम’. इंग्रजीच्या नियमाने इथे रस्ता गाडी ओलांडतेय, कारण सुरुवातीच्या तुकड्याचा मालक म्हणजे स्वल्पविरामानंतर येणारा पहिला कर्ता. याला डँगलिंग मॉडिफायर म्हणतात, मालक नसलेला तुकडा. दुरुस्ती दोन तऱ्हेने होते. मालकाला पुढे आणा, ‘क्रॉसिंग द रोड, ही वॉज हिट बाय अ कार’. किंवा तुकड्यालाच त्याचा स्वतःचा कर्ता द्या, ‘व्हाइल ही वॉज क्रॉसिंग द रोड, अ कार हिट हिम’. ऑप्शनमध्ये या दोनपैकी एक रूप असतंच.

पेपरात इंग, तिसरं रूप किंवा टू अधिक क्रियापद याने वाक्य सुरू झालं की लगेच विचारा, कोण? आणि उत्तर स्वल्पविरामाच्या लगेच पुढे आहे का बघा. ‘हॅविंग फिनिश्ड द पेपर, द बेल रँग’, पेपर कोणी संपवला? घंटेने? एरर मिळाली. ‘टू पास द एक्झाम, डेली प्रॅक्टिस इज नीडेड’, पास कोणाला व्हायचंय? प्रॅक्टिसला? सापडली. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे ‘वॉकिंग ऑन द वेट फ्लोअर, हिज फूट स्लिप्ड’, यात हिज आहे म्हणून माणूस आला असं वाटतं, पण कर्ता फूट आहे, माणूस नाही. ‘वॉकिंग ऑन द वेट फ्लोअर, ही स्लिप्ड’ असं हवं.

‘-ऊन’चं थोडं वेगळं आहे. ‘घरी येऊन मी जेवलो’ यात दोन्ही कामं माझीच, हे इंग्रजीशी जुळतं, ‘हॅविंग कम होम, आय हॅड डिनर’. पण ‘पाऊस पडून रस्ते ओले झाले’ यात पडला पाऊस आणि ओले झाले रस्ते, मराठीला चालतं, इंग्रजीला नाही, तिथे तुकड्याला कर्ता द्यावा लागतो. परीक्षेतला जुना आणि आवडता प्रश्न इथलाच, ‘बीइंग अ रेनी डे, वी स्टेड ॲट होम’. आपण पावसाळी दिवस नाही. ‘इट बीइंग अ रेनी डे, वी स्टेड ॲट होम’. दिवस, हवामान, सुट्टी असं काही बीइंगसोबत आलं की इट शोधा. अपवाद म्हणून ‘जनरली स्पीकिंग’, ‘जजिंग बाय’, ‘कन्सिडरिंग’ ही मंडळी मालकाशिवाय चालतात, त्यांना एरर मारू नका.

आणि दोन्ही टॉपिक एकाच वाक्यात आणणारा प्रश्न, ‘इफ केप्ट इन द फ्रिज, यू कॅन यूज धिस चटनी फॉर अ वीक’. काळ सगळे ठीक, म्हणून कंडिशनल शिकलेला पोरगा नो एरर मारतो. पण फ्रिजमध्ये कोणाला ठेवलं? स्वल्पविरामानंतर यू आहे. ‘इफ केप्ट इन द फ्रिज, धिस चटनी कॅन बी यूज्ड फॉर अ वीक’.

पायरी ६: ओन्ली आणि आपला ‘च’

मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो कारण इथे मराठी आपल्याला मदत करते. ‘मीच त्याला शंभर रुपये दिले’, ‘मी त्यालाच शंभर रुपये दिले’, ‘मी त्याला शंभरच रुपये दिले’. च कुठे चिकटला त्यावर तीन वेगळे अर्थ, आणि यात आपली कधीच चूक होत नाही. इंग्रजीचा ओन्ली हा तोच च आहे, फक्त तो शब्दाच्या मागे न चिकटता पुढे उभा राहतो. ‘ओन्ली आय गेव्ह हिम अ हंड्रेड रुपीज’, ‘आय गेव्ह हिम ओन्ली अ हंड्रेड रुपीज’. म्हणून प्रश्न आला की आधी मराठीत च कुठे पडतोय ते ठरवा आणि त्याच शब्दाच्या आधी ओन्ली ठेवा. बोलताना इंग्रज माणूसही ‘आय ओन्ली गेव्ह हिम अ हंड्रेड’ म्हणतो, ते बोलीत चालतं, पेपरात जवळचा शेजार निवडा. ऑलमोस्ट, नियरली, इव्हन, जस्ट यांनाही हेच लागू, ‘ही ऑलमोस्ट अर्न्ड अ लाख’ म्हणजे मिळता मिळता राहिले, ‘ही अर्न्ड ऑलमोस्ट अ लाख’ म्हणजे लाखाच्या आसपास मिळाले.

हू, विच, दॅटने सुरू होणारा तुकडा त्याच्या नामाला चिकटून हवा. ‘शी गेव्ह द बॅग टू द बॉय दॅट वॉज टॉर्न’ यात मुलगाच फाटलाय, बॅग नाही, ‘शी गेव्ह द बॉय द बॅग दॅट वॉज टॉर्न’ करा. मध्येच अडकून दोन्हीकडे बघणारा शब्दही येतो, ‘स्टुडंट्स हू प्रॅक्टिस ऑफन पास’, ऑफन प्रॅक्टिसचा का पासचा? ‘स्टुडंट्स हू ऑफन प्रॅक्टिस पास’ किंवा ‘स्टुडंट्स हू प्रॅक्टिस पास ऑफन’, काय म्हणायचंय त्यावर.

क्रमाचा एक छोटा मुद्दा. ‘ती काल कार्यक्रमात छान गायली’, वेळ, जागा, पद्धत. इंग्रजीत बरोबर उलटं, ‘शी सँग वेल ॲट द फंक्शन येस्टरडे’, पद्धत, जागा, वेळ. वाक्यरचनेच्या प्रश्नात आपला क्रम उलटा लावा, बहुतेक वेळा बसतो.

सरावाचं म्हणाल तर रोज पन्नास प्रश्न सोडवण्यापेक्षा मागच्या वर्षांच्या पेपरांतले या दोन टॉपिकचे दहाच घ्या, आणि चुकलेल्या प्रत्येकाशेजारी वहीत ते मराठी वाक्य लिहा जे तुमच्या मनात आलं होतं. दोन आठवड्यांत तुमच्या लक्षात येईल की तीच चार-पाच मराठी वाक्यं परत परत येतायत, कोणाचं ‘असतं-असतं’ असतं, कोणाचं ‘-ताना’, कोणाचं ‘जोपर्यंत नाही’. ती यादी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायची, नियमांचं पुस्तक उघडायचं नाही.

आता ही चार वाक्यं सोडवा, उत्तरं लगेच खाली.

‘इफ द ड्रायव्हर वुड हॅव अप्लाइड द ब्रेक्स इन टाइम, द ॲक्सिडेंट वुड हॅव बीन अव्हॉइडेड.’
‘प्लीज फाइंड आउट इफ द ट्रेन विल बी लेट.’
‘लुकिंग आउट ऑफ द विंडो, द सह्याद्री हिल्स लुक्ड ब्युटिफुल.’
‘इफ शुड यू मीट हिम, गिव्ह हिम धिस लेटर.’

पहिल्यात इफकडे वुड हॅव घुसलाय, ‘हॅड अप्लाइड’ करा. दुसरं पूर्ण बरोबर, इफ म्हणजे की नाही. तिसऱ्यात खिडकीतून डोंगर बघत नाहीत, आपण बघतो, ‘लुकिंग आउट ऑफ द विंडो, वी सॉ द ब्युटिफुल सह्याद्री हिल्स’. चौथ्यात इफ आणि उलटा क्रम दोन्ही आलेत, एक ठेवा, ‘शुड यू मीट हिम’ किंवा ‘इफ यू शुड मीट हिम’, दोन्ही चालतात.